'सयाजीराव' नावाचा घोडा : एका जातिवंत अश्वाची शर्यत व प्रजनन-कारकीर्द आणि बडोदे संस्थान

बीजशब्द : थरोब्रेड, सेंट लेजर, बडोदे संस्थान, प्रतापसिंहराव गायकवाड, वंशावळ, प्रजनन-अश्व

प्रस्तावना :

पदवी तृतीय वर्षाच्या वर्गात महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या शैक्षणिक धोरणाचे विवेचन चालू होते. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवर इंग्रजी लिपीत केवळ 'सयाजीराव' एवढाच शब्द टंकित केला आणि थोड्या वेळाने उभा राहून म्हणाला, "सर, सयाजीरावांनी तर १९४७ साली इंग्लंडमध्ये शर्यत जिंकलेली दिसते." वर्गात हशा पिकला. महाराज १९३९ सालीच निवर्तले होते, तेव्हा विद्यार्थ्याने काहीतरी घोटाळा केला असणार असे प्रथमदर्शनी वाटले. तथापि घोटाळा नव्हता. त्याच्या पडद्यावरचा सयाजीराव खरोखरच घोडा होता, आणि त्याने १९४७ साली डॉनकास्टर येथील सेंट लेजर ही शर्यत खरोखरच जिंकली होती.

प्रस्तुत लेखाचा उगम त्या प्रसंगात आहे. अश्वशर्यत हा आपल्याकडील अभ्यासकांनी सहसा दुर्लक्षिलेला विषय होय. त्यात जुगार आहे, संस्थानिकी डामडौल आहे, म्हणून तो गंभीर अभ्यासास पात्र नाही असा एक अलिखित संकेत दिसून येतो. परंतु ज्या मराठी राजाने आपल्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले, त्याचे नाव त्याच्या नातवाने एका घोड्यास द्यावे आणि ते नाव आज इंग्रजी अश्वग्रंथांत राजाच्या बरोबरीने नोंदलेले असावे, ही बाब हसण्यावारी नेण्याजोगी नाही. त्यासाठी हा घोडा कोण होता, हे आधी समजून घेतले पाहिजे.

जातिवंत घोडा म्हणजे काय :

आपल्या मराठवाड्यात घोड्याची पारख करण्याची जुनी रीत आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक आधी दात पाहून वय ठरवते, मग पाय, खूर आणि चाल पाहते. अंगावरील भोवरे मोजते. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला पंचकल्याणी घोडा शुभ मानतात, मानेवर देवमण असलेल्याचा भाव वाढतो. थोडक्यात, आपली पारख ही समोर उभ्या असलेल्या जनावराची पारख असते. त्याचा आजा कोण, पणजी कोण, हे फारसे कोणी विचारत नाही.

'थरोब्रेड' घोड्याच्या बाबतीत हे नेमके उलटे आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये पूर्वेकडील मोजक्या नर घोड्यांचा तेथील घोड्यांशी संकर होऊन ही जात तयार झाली. आज जगातील प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली तुर्क या तीन घोड्यांपैकी एकाकडे जाऊन पोहोचते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या जातीची वंशनोंदवही छापली जाते, आणि आईबाप नोंदणीकृत असल्याखेरीज शिंगराची नोंद होत नाही. कृत्रिम रेतनास आजही मनाई आहे. म्हणून थरोब्रेड विकत घेणारा जनावराइतकाच कागद विकत घेतो. देशमुखी-पाटिलकीच्या वतनाचे कागद ज्यांनी चाळले आहेत, त्यांस ही मनोवृत्ती अपरिचित वाटू नये.

या दृष्टीने 'सयाजीराव'चा कागद अतिशय भारी होता. त्याचा जन्म १९४४ सालचा. बाप निअर्को, आई रोझी लेजंड. निअर्को हा इटलीत फेदेरीको तेझिओ या पैदासकाराने जन्मास घातलेला घोडा चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. १९३८ साली मार्टिन बेन्सन या इंग्रज मालकाने तो ६०,००० पौंडांस घेतला. (राजपिपळ्याच्या महाराजांच्या ज्या विंडसर लॅडने १९३४ ची डर्बी जिंकली, तो घोडाही डर्बीनंतर याच बेन्सनने विकत घेतला होता.) महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून रक्षण व्हावे म्हणून निअर्कोसाठी स्वतंत्र भूमिगत निवारा बांधण्यात आला होता. लंडनची माणसे भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपत होती त्या काळातील ही गोष्ट आहे.

'सयाजीराव'चा सख्खा थोरला भाऊ दान्ते. शर्यतीच्या परिभाषेत केवळ बाप समान असल्यास घोड्यांना भाऊ म्हणत नाहीत, कारण एका नराची संतती शेकड्यांनी असते. आई समान असली तरच नाते धरतात. येथे आईबाप दोन्ही तेच होते. जून १९४५ मध्ये दान्तेने डर्बी जिंकली, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्याचा एक वर्षाचा धाकटा भाऊ लिलावात उभा राहिला.

अठ्ठावीस हजार गिनी :

लिलावात हे शिंगरू २८,००० गिनीस गेले. एक वर्षाच्या घोड्यास तोवर इंग्लंडमध्ये मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत होती. खरेदीदार होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. ही गिनीची भानगड येथे स्पष्ट केली पाहिजे. गिनीचे नाणे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच पाडायचे बंद झाले होते; परंतु घोड्यांचे सौदे मात्र गिनीतच होत राहिले. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, अर्थात एक पौंड आणि वर एक शिलिंग. त्या हिशेबाने ही किंमत २९,४०० पौंड होते. तत्कालीन विनिमय दर रुपयास दीड शिलिंग असा होता, म्हणजे पौंडाचे तेरा रुपये पाच आणे चार पै. गुणाकार केला असता रक्कम बरोबर तीन लाख ब्याण्णव हजार रुपये येते.

प्रतापसिंहराव १९३९ साली आजोबांच्या पश्चात गादीवर आले. शर्यतीचा छंद त्यांना आधीपासून होता. १९४३ साली मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर पहिली इंडियन डर्बी झाली, ती त्यांच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. स्वार होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. महायुद्ध संपताच महाराजांनी आपला पसारा इंग्लंडात नेला. न्यूमार्केट येथील वॉरन प्लेस ही पागा त्यांनी खरेदी केली, सॅम आर्मस्ट्राँग यांना प्रशिक्षक नेमले आणि ब्रिट यास स्वार म्हणून तिकडे बोलावले. नव्या शिंगरास नाव दिले ते आजोबांचे.

शर्यतींची कारकीर्द :

इंग्रजी शर्यतीत तीन वर्षांचे वय निर्णायक मानले जाते. सर्व घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच धरतात, आणि ज्या पाच शर्यतींना 'क्लासिक' म्हणतात त्यांत तीन वर्षांचे घोडेच धावू शकतात. म्हणजे प्रत्येक घोड्यास आयुष्यात एकच संधी. नरांसाठी त्यांतील तीन महत्त्वाच्या : मे महिन्यातील टू थाउजंड गिनीज, अंतर एक मैल, जूनमधील डर्बी, अंतर दीड मैल, आणि सप्टेंबरमधील सेंट लेजर, अंतर पावणेदोन मैलांहून थोडे अधिक. या तिहींत सेंट लेजर सर्वांत जुनी, १७७६ पासूनची. अंतराचा हा चढता क्रम सहेतुक आहे. पहिलीत वेगाची परीक्षा होते, शेवटचीत दमाची.

'सयाजीराव'चे १९४७ साल या चढत्या क्रमाचा वस्तुपाठच होय. गिनीजमध्ये ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाचा घोडा आठ लांबींनी जिंकला आणि 'सयाजीराव' तिसरा आला. एवढ्या फरकाने जिंकणारा घोडा डर्बीही सहज जिंकणार असे सर्वांनी गृहीत धरले. सट्टेबाजांनी तर जवळजवळ ठरवूनच टाकले. डर्बीत मात्र अर्ध्या मैलाचे जादा अंतर ट्यूडर मिन्स्ट्रेलला झेपले नाही. तो चौथा आला. ज्याचा भाव चाळीसास एक होता तो पर्ल डायव्हर हा फ्रेंच घोडा पहिला, आगाखानांचा मिगोली दुसरा, आणि 'सयाजीराव' पुन्हा तिसरा. त्यानंतर आयर्लंडमध्ये कुरग मैदानावर तो आयरिश डर्बी जिंकला. तेथे प्रतिस्पर्धी तुलनेने दुबळे होते असे म्हणता येईल, तरी दीड मैलावर तो थकत नाही हे सिद्ध झाले.

सप्टेंबरात डॉनकास्टरच्या सेंट लेजरमध्ये खरी कसोटी लागली. समोर मिगोली होताच, शिवाय फ्रान्सच्या मार्सेल बुसाक यांचा आर्बार होता. अखेरच्या टप्प्यात आर्बार आणि 'सयाजीराव' बरोबरीने धावत आले आणि ब्रिटने 'सयाजीराव'ला केवळ डोक्याच्या अंतराने पुढे नेले. शर्यतीत अंतराची मापे घोड्याच्या अंगावरूनच घेतात : नाक, डोके, मान, लांबी. डोके म्हणजे हातभरापेक्षा फारसे अधिक नाही. मिगोली तिसरा आला. पराभूतांची योग्यता पुढील वर्षी कळली : १९४८ साली आर्बारने अॅस्कट गोल्ड कप आणि मिगोलीने पॅरिसची 'आर्क द त्रिओंफ' शर्यत जिंकली. ज्याने या दोघांना एकाच दिवशी मागे टाकले, त्याचे यश नशिबाचे म्हणता येत नाही.

येथे दान्तेची आठवण होते. थोरल्या भावाने डर्बी जिंकली खरी, परंतु त्याचे डोळे बिघडत गेले, १९४५ च्या सेंट लेजरमध्ये त्यास उतरविता आले नाही आणि पुढे तो पूर्ण आंधळा झाला. जी शर्यत त्याच्याकडून राहिली ती धाकट्याने जिंकली.

१९४८ साली अॅस्कटची हार्डविक स्टेक्स जिंकून 'सयाजीराव' मैदानावरून निवृत्त झाला. त्याच वर्षी महाराजांचाच माय बाबू हा दुसरा घोडा टू थाउजंड गिनीज जिंकला. सलग दोन वर्षे एका मराठी राजाच्या पागेने इंग्लंडच्या क्लासिक शर्यती जिंकल्या. आपल्याकडे याची फारशी वाच्यता झाली नाही, आणि कारण उघड आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, देश स्वतंत्र होऊन महिनाही झाला नव्हता आणि मराठवाड्यात मुक्तिलढा पेटला होता. डॉनकास्टरला कोण जिंकले याची चौकशी करण्यास येथे कोणास सवड असणार?

प्रजनन-कारकीर्द :

शर्यतीचा घोडा दोन-तीन वर्षे धावतो. त्याची खरी कमाई त्यानंतर सुरू होते. निवृत्त नरास स्टडवर ठेवून अन्य मालकांच्या घोड्या त्याच्याकडे पाठवल्या जातात आणि प्रत्येक वेळी शुल्क आकारले जाते. त्या काळी एका हंगामात चाळीसेक घोड्या हे सर्वसाधारण प्रमाण होते. घोडीची गर्भधारणा अकरा महिन्यांची. शिंगरू मैदानात उतरण्यास आणखी दोन वर्षे. ते नाव काढण्यास एक वर्ष. म्हणजे निवड योग्य होती की नाही, हे कळण्यास चार-पाच वर्षे जातात. आपल्याकडील आंब्याची बाग लावणाऱ्यास या धीराची कल्पना येईल.

'सयाजीराव'चे वास्तव्य आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यातील बडोदा स्टड येथे होते. त्याच्या संततीत बापाचा दम पूर्णपणे उतरला. ग्लॅडनेस ही त्याची सर्वांत नामांकित कन्या. तिने १९५८ साली एकाच हंगामात अॅस्कट गोल्ड कप, गुडवुड कप आणि यॉर्कची एबर हँडिकॅप या लांब पल्ल्याच्या तीन शर्यती जिंकल्या. त्यांपैकी गोल्ड कप अडीच मैलांचा आहे. तिच्या नावाने कुरग येथे आजही शर्यत होते. लिंक्रिस या दुसऱ्या कन्येने १९६० साली आयरिश ओक्स आणि यॉर्कशायर ओक्स जिंकल्या. इंडियाना या पुत्राने १९६४ ची सेंट लेजर जिंकून बापाची शर्यत घरात ठेवली. त्याच वर्षीच्या डर्बीत तो दुसरा आला होता. आय से हा पुत्र १९६५ च्या डर्बीत तिसरा आला आणि १९६६ साली कॉरोनेशन कप जिंकला. त्याच १९६६ मध्ये 'सयाजीराव' मरण पावला.

एवढे असूनही त्याची पितृपरंपरा पुढे प्रभावी राहिली नाही. याचे कारण घोड्यात नसून बाजारात आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालकांना लवकर परतावा देणारे, दुसऱ्याच वर्षी वेगाने धावणारे घोडे हवे झाले. पावणेदोन मैल धावणाऱ्या घोड्याच्या संततीस चार वर्षांनी फळ येते. एवढे थांबण्यास कोणी तयार नव्हते. सेंट लेजर जिंकणे हे तर पुढे पुढे प्रजनन-अश्वाच्या बाबतीत उणेपणाचे लक्षण मानले जाऊ लागले. याउलट माय बाबूचे झाले. तो वेगवान, मैलाचा घोडा. त्याचा पुत्र अवर बाबू १९५५ साली बापाप्रमाणेच टू थाउजंड गिनीज जिंकला. पुढे माय बाबूस अमेरिकेत नेण्यात आले आणि तेथे त्याच्या कन्यांनी नाव काढले. १९६७ साली अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ ठरलेला डमॅस्कस आणि १९७४ साली प्रीकनेस व बेलमाँट जिंकलेला लिटल करंट, हे दोघेही माय बाबूच्या कन्यांचे पुत्र होत. डमॅस्कसच्या आईचे नाव होते केरला. वंशावळीच्या कागदात भारत असा अनपेक्षित ठिकाणी सापडतो.

जमाखर्चाचा प्रश्न :

आता विद्यार्थ्याच्या हशामागील मूळ प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातील गोपाळ हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव झाला. त्याने १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सर्व संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. अमेरिकेतून ग्रंथपाल आणून वाचनालयांचे जाळे विणले. १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणास कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी त्याने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिची एकूण रक्कम होते ४१४ पौंड. घोड्याच्या २९,४०० पौंडांस ४१४ ने भागले असता उत्तर ७१ येते.

हा भागाकार वर्गात फळ्यावर मांडला तेव्हा हशा थांबला. तथापि अभ्यासकाने त्यावरच थांबणे योग्य नव्हे. १९१३ चा पौंड आणि १९४५ चा पौंड सारखे नाहीत. मधल्या दोन महायुद्धांत पौंडाची क्रयशक्ती बरीच घटली होती, म्हणून ७१ हा आकडा फुगलेला आहे. शिवाय घोडा हा निव्वळ खर्च नव्हता. बक्षिसाच्या रकमा आणि पुढील सतरा-अठरा वर्षांचे प्रजनन-शुल्क पाहता तो सौदा व्यापारी दृष्टीने वाईट होता असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप किमतीस नाही. प्रश्न असा, की पैसा कोणाचा होता?

सयाजीरावांनी राज्याचा खजिना आणि राजाचा खासगी खर्च यांत रेषा आखण्याचा प्रयत्न केला होता. प्रतापसिंहरावांच्या काळात ती रेषा पुसट झाली. महाराजांच्या परदेशातील मोठ्या खर्चाविषयी बडोद्यातील प्रजामंडळाने आवाज उठविला, खजिन्यातून घेतलेल्या मोठ्या रकमांची चौकशी झाली, आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे विलीनीकरणाविरुद्ध संस्थानिकांची संघटना उभारण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा १९५१ साली भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेऊन पुत्र फत्तेसिंहराव यांस दिली. प्रतापसिंहराव १९६८ साली लंडनमध्ये निवर्तले. घोड्यांमुळे गादी गेली असे म्हणणे अतिशयोक्त होईल. परंतु ज्या चौकशीने त्यांची पत उणावली तिच्या मुळाशी ही राहणी होती, हे नाकारता येत नाही.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे, कारण ती बहुधा सांगितली जात नाही. १९४७ मध्ये बडोदे हे संविधान सभेत प्रतिनिधी पाठविणाऱ्या पहिल्या संस्थानांपैकी होते. आणि विलीनीकरणाच्या ऐन तोंडावर, एप्रिल १९४९ मध्ये, बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. आजोबांच्या नावाने एक कोटी रुपयांचा न्यासही याच नातवाने शिक्षणादी कार्यासाठी केला होता. म्हणजे चार वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने एकच नाव आधी घोड्यास आणि मग विद्यापीठास दिले. त्याच्या दृष्टीने दोहोंत विसंगती नसावी. घोड्यास वाडवडिलांचे नाव देणे हा इंग्रजी प्रथेप्रमाणे गौरवच होता. मराठी कानास तसे वाटत नाही, एवढे मात्र खरे. आपण बैलास सर्जा-राजा म्हणतो, आजोबांचे नाव देत नाही.

बीड जिल्ह्यातील आपण प्राध्यापक मंडळी या हिशेबात अगदीच परकी नाही. ते ४१४ पौंड घेऊन जो विद्यार्थी न्यूयॉर्कला गेला, त्याने १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. मराठवाड्यातील कितीतरी घरांत पहिला पदवीधर त्या महाविद्यालयाने दिला. आपली महाविद्यालये ज्या विद्यापीठास संलग्न आहेत, त्यास १९९४ पासून त्याच विद्यार्थ्याचे नाव आहे.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याने पुढे प्रकल्पासाठी हाच विषय निवडला. मुखपृष्ठावर कोणाचे चित्र घ्यावे, राजाचे की घोड्याचे, हे विचारण्यास तो विभागात आला होता. दोन्ही घे, पण खाली नावे लिही, असे त्यास सांगितले. त्याने दोन्ही चित्रांखाली 'सयाजीराव' असेच लिहून आणले आणि पुढे कंसात जन्माची व मृत्यूची वर्षे घातली : १८६३–१९३९ आणि १९४४–१९६६.